साडेपाचातलं साडे

१९७८ साली, डिसेंबरातल्या तिसऱ्या रविवारी, उन्हं उतरता उतरता अमेरिकेतल्या केस्लर गावातल्या एका स्वयंपाकघरात रेडिओनं फुटबॉलचा सामना बरोबरीत सुटल्याचं सांगितलं, आणि मिल्काला आपल्या चेहऱ्याचं काय करावं ते कळेना. तिच्या चेहऱ्याला दोनच ठेवणी ठाऊक होत्या. संघ जिंकला की हसायचं, पण दात दिसू द्यायचे नाहीत, नाहीतर ‘तुला काय कळतंय त्यातलं’ हे ऐकावं लागे. संघ हरला की जीभ दातांमधून मागे घ्यायची, जबडा सैल सोडायचा आणि मान मुळीच ताठ ठेवायची नाही. ताठ मानेला बसलेला फटका बुधवारपर्यंत दुखतो, सैल मानेला बसलेला सोमवारी दुपारी विसरता येतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पोहणाऱ्याला पाणी शिकवतं तसं शरीरच शिकत गेलं होतं. पण तिसरी ठेवण शरीरानं कधी तयारच केली नव्हती. ती शेगडीपाशी उभी होती, आंबवलेल्या कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या खिम्याचं पातेलं दोन्ही हातांत धरून, आणि तिचा एक गाल हसायला निघाला होता तर दुसरा आधीच सैल पडला होता.

टेबलाशी तिचा नवरा ब्लाझ बसला होता. त्याचा उजवा हात पावाच्या ताटलीशेजारी पडलेला होता, आणि आज पहिल्यांदाच त्या हातालाही काही उमगत नसल्यासारखं दिसत होतं. बोटं थोडी मिटत होती, थोडी उघडत होती. त्याच्यासमोर मिल्काचा भाऊ विंको, कोट न काढताच बसलेला. टेबलाखाली त्यांच्या बुटांच्या मध्ये नऊ वर्षांची नेदा, कापडी ससा मांडीवर घेऊन. सामन्याच्या वेळी तिची जागा तीच. आणि मागच्या दाराच्या वर, हरणाच्या खुरांच्या दोन खुंट्यांवर, ताताची बंदूक. मिल्काचा बाप शिमे, ज्याला दोघं भावंडं ताता म्हणत, तो जाऊन चार वर्षं झाली होती, पण बंदुकीला सगळे अजून त्याचीच म्हणत.

“संपला?” विंकोनं विचारलं.

“संपला.”

“मग?”

“मग काय मग? तुला कान नाहीत? बरोबरी.”

रेडिओवरचा माणूस आपल्याच शब्दांवर विश्वास नसल्यासारखा पुनःपुन्हा सांगत होता, की जादा वेळेतला शेवटचा चेंडू खांबाला आदळून बाहेर पडला, की मैदानातले लोक उठून जायला तयार नाहीत. तसे लोक होते तरी किती! अर्धं मैदान रिकामं होतं. तिकिटं संपली नाहीत की सभोवतालच्या मुलखात टीव्हीवर सामना दाखवायचा नाही असा नियम होता, आणि ह्या संघाची तिकिटं संपल्याला जमाना झाला होता. म्हणून घरच्या मैदानावरचे सामने केस्लरची माणसं रेडिओवरच ऐकत, आणि मिल्काला वाटे तेच बरं. डोळ्यांना दिसलं असतं तर सामना सामन्यापुरता राहिला असता. कानांनी ऐकल्यामुळे तो घरभर पसरे. शिरस्त्राणावर शिरस्त्राण आपटल्याचा आवाज भांड्यांच्या कपाटातून येई, गुडघा पिचल्यावर गर्दीतून निघालेला तो लांब श्वास मोरीतून वर येई.

ब्लाझ आधीपासूनच हात उचलणारा होता, पण पूर्वी ते तापासारखं होतं, वर्षातून एकदोनदा येऊन जाणारं. तेव्हा त्याचे हात भट्टीवर दमत. मग आदल्या वर्षी, सप्टेंबरातल्या एका सोमवारी, पोलादाचा कारखाना बंद झाल्याचं सकाळच्या पाळीला सांगण्यात आलं, आणि हजारो माणसं डबे घेऊन दुपारच्या आत घरी परतली. त्या दिवसापासून आठवडाभर ब्लाझचे हात मोकळे असत आणि रविवारची वाट पाहत. संघ हरला की ते वाट पाहणं संपे. गावातल्या क्रोएशियन लोकांच्या क्लबात बसून तो सामना ऐके, सामना संपल्यावर गाडीनं घरी येई, आणि निकाल कळणं आणि गाडीचं दार वाजणं ह्यांच्यामध्ये जेवढा वेळ असे तेवढा मिल्काचा स्वतःचा असे. त्या वेळात ती एक पातेलं घासून घेई, नेदाला वरच्या खोलीत पाठवी, टेबलावरच्या सुऱ्या खणात ठेवी. मग दार वाजे. हरल्याचं दार आणि जिंकल्याचं दार वेगळं वाजतं. जिंकला की ब्लाझ गात येई, बेकरीतून अक्रोडाचा गोड रोल आणलेला असे आणि तो मिल्काच्या कमरेला हात घालून स्वयंपाकघरात दोन गिरक्या मारी. त्याचं ते नाचणं तिला आवडे, ह्याची तिला सगळ्यात जास्त लाज वाटे. सोमवारी धुणं वाळत घालताना ती दंडावरच्या जखमेपेक्षा त्या गिरक्यांचा विचार करी, आणि चिमटा चुकून बोटावर बसे.

त्या मोसमाच्या पैजेचा आकडा तिचाच होता. हे गावात कुणीही सांगितलं असतं. दर ऑगस्टात क्रोएशियन क्लबाच्या मागच्या मैदानात कोकरं भाजत, सळईवर अख्खी, पहाटेपासून, आणि दुपारी पहिला तुकडा कापायच्या आधी ताता मिल्काला खुर्चीवर उभं करून विचारी, “सांग गं माझ्या चिमणे, ह्या वर्षी किती जिंकणार आपले?” ती सात वर्षांची असल्यापासून आकडा सांगत आली होती, तो फळ्यावर खडूनं लिहिला जाई, आणि क्लबातली माणसं त्याच्या वर किंवा खाली पैजा लावत. तिला कुठलाही कौल मिळत नव्हता. तातानं तिला रीत शिकवली होती, भट्टीतल्या माणसाची रीत, की लोखंड फार तापलं असेल तर ते निवणारच आणि फार निवलं असेल तर कुणीतरी तापवणारच. “कुठलाच संघ दिसतो तेवढा वाईट नसतो, पोरी, आणि दिसतो तेवढा चांगलाही नसतो. मागच्या वर्षी केसाच्या अंतरानं हरलेत ना, त्यातले अर्धे पुढच्या वर्षी तुझे. केसाच्या अंतरानं जिंकलेत, त्यातले अर्धे सोडून दे. मग बघ, चेंडू फेकणाऱ्याचा गुडघा कसा आहे.” आणि शेवटी, आकडा पुरा आला तरी, त्याला तो अर्ध्यानं वर किंवा खाली सरकवायला लावी. सहा नाही, साडेपाच. “का, ताता? अर्धा सामना कोण जिंकतं?” “कुणीच नाही. म्हणून तर. पुरा आकडा ठेवलास आणि तेवढेच जिंकले, तर दोघं पैजवाले खांद्यावर हात टाकून घरी जातील. ती कसली पैज? एक जण रडत घरी गेला पाहिजे.”

त्या ऑगस्टात ताता नव्हता, पण खुर्ची होती. चौतीस वर्षांच्या मिल्काला खुर्चीवर चढवायला क्लबाचा म्हातारा मातो पुढे आला, बिअरचा नळ सोडून. “चढ गं, म्हातारी झालीस तरी चढ! आकडा बसून सांगितला तर बसतो!” सगळे हसले. तिनं मनात मांडणी केलेलीच होती. गेल्या वर्षी चार जिंकलेले. सहा अगदी थोडक्यात हरलेले, त्यातले तीन धरले, सात झाले. दोन नशिबानं जिंकलेले, त्यातला एक सोडला, सहा. चेंडू फेकणारा नवा पोरगा, त्याच्या गुडघ्यावर दोनदा सुरी चाललेली. साडेपाच. ती म्हणाली, “साडेपाच,” आणि खडू करकरला, आणि खुर्चीवरून उतरता उतरता तिला उमगलं की आपण चौदा सामन्यांचा हिशेब केला. ह्या वर्षापासून सोळा होते. सगळ्या गावाला ठाऊक होतं, माणसं महिनाभर त्याच आनंदात होती, दोन रविवार जास्तीचे! तिला एकटीलाच ते विसरायचं होतं, कारण तिच्या घरात जास्तीचा रविवार म्हणजे काय ते तिला माहीत होतं. तिनं तोंड उघडलं. पण आकडा फळ्यावर चढला होता, आणि फळ्यावरचा आकडा पुसायचा नाही ही ताताचीच रीत.

मग जेवताना तिनं पावासाठी हात लांब केला आणि बाही वर सरकली. समोर विंको कोकराची फासळी मोडत होता. त्यानं पाहिलं. दंडावर पिवळं पडत चाललेलं, चार बोटांचं.  फासळीचा सांधा त्यानं अंगठ्यानं दाबला, कट्‌ असा आवाज झाला, आणि त्यानं मांस नेदाच्या ताटलीत ठेवलं. तो ब्लाझचा कूम होता. कूम म्हणजे नुसता मित्र नव्हे. लग्नात शेजारी उभा राहिलेला, बाप्तिस्म्याच्या वेळी पोरीला हातांवर घेतलेला. कूमच्या घरच्या गोष्टीत कूमनं बोलायचं नाही, कूमवर हात टाकायचा नाही. सख्ख्या भावाशी भांडलेला माणूस स्वर्गात जातो, कूमशी भांडलेला जात नाही, असं म्हाताऱ्या बायका सांगत. घटकाभरानं विंको बोटं पुसत म्हणाला,

“कूम, तू वरच लावणार ना?”

“वरच! साडेपाच? ह्या वर्षी आठ जिंकतील. तुझ्या बहिणीला कोबी वळता येतो, फुटबॉल नाही.”

“मी खाली लावतो. माझी गाडी.”

 विंकोची हिरवी गाडी गावात सगळ्यांना ठाऊक होती. तिच्याशी तो बायकोसारखा बोले, बायको नव्हती म्हणून.

“आणि माझ्याकडून काय?” ब्लाझ म्हणाला.

“ताताची बंदूक.”

तेव्हा सगळे मोठ्यानं हसले, कारण ती गोष्टही गावाला ठाऊक होती. तातानं मरताना बंदूक मुलाला दिली नव्हती, जावयाला दिली होती. वर चारचौघांत म्हणाला होता, “विंकोला नको. तो हरणाच्या डोळ्यांत बघतो आणि रडतो.” मातो ओरडला, “घ्या, चार वर्षांनी पोराचं कापलेलं नाक लागलं दुखायला!” ब्लाझनं हात पुढे केला, विंकोनं घेतला, आणि मातोनं वरून तळहात मारून ते हात सोडवले, म्हणजे पैज लागली. मिल्कालाही त्या दिवशी वाटलं की हे मानापमानाचंच आहे. पुरुषांना मेलेल्या बापाकडूनही काही ना काही परत हवं असतं.

तिला कळायला ऑक्टोबर उजाडला. पहिले दोन सामने जिंकले, अक्रोडाचे दोन रोल आले. मग सलग चार हरले. त्या चौथ्या रविवारी ब्लाझनं मारलंच नाही. ती तयार उभी होती, जबडा सैल सोडून, पण तो तिच्यासमोरून गेला, दारावरची बंदूक काढली, टेबलाशी बसला आणि तेलाचं फडकं घेऊन ती पुसायला लागला. फार हळू, फार प्रेमानं. मग त्यानं ती खांद्याला लावून रेडिओवर धरली. मग खिडकीवर. मग मिठाच्या भांड्यावर. मग मिल्कावर. तोंडानं ‘ठो’ म्हणाला आणि हसला, अगदी लहान मुलासारखा. “घाबरलीस? अगं वेडे, हरणांचा मोसम येतोय.” बंदुकीचा बोल्ट, गोळी आतबाहेर करायचा तो दांडा, पुढेमागे झाल्याचा आवाज तिनं ऐकला. तो गोळी घातल्याचा होता की काढल्याचा, हे तिला ओळखता आलं नाही. दारं ओळखणाऱ्या तिच्या कानांना तेवढं एक ओळखता आलं नाही. बंदूक पुन्हा खुंट्यांवर गेली, आणि त्या दिवसापासून ती दाराखालून ये-जा करताना डोक्यावरून काहीतरी ओघळतंय असं तिला वाटत राही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. “कशी आहेस, सेको?” बहिणीला सेको म्हणायची त्याची लहानपणापासूनची सवय. “बरी आहे.” “नक्की?” “नक्की.” “बरं मग.” एवढंच. फोन ठेवता ठेवता तिचा हात थांबला. विंको आदल्या सोमवारीही बोलला होता. त्याच्या आदल्याही. जिंकल्यानंतरच्या सोमवारी मात्र फोन नव्हता. म्हणजे त्याला ठाऊक होतं. कुठल्या रविवारी काय होतं ते त्याला ठाऊक होतं, ऑगस्टात त्या पावाच्या टोपलीपाशीच ठाऊक झालं होतं, आणि कूमच्या घरातलं बोलायचं नाही म्हणून त्यानं दुसरी वाट काढली होती. बंदूक तरी घरातून बाहेर काढायची. पैजेनं. भिंतीला टेकून मिल्का खाली बसली. तिला आधी भावाबद्दल इतकी माया दाटून आली की डोळे चुरचुरले, आणि त्या मायेच्या पाठोपाठच दुसरी गोष्ट आली, थंड पाण्यासारखी. विंको खाली लावून बसला होता. बंदूक बाहेर जायला संघ हरायला हवा होता. दर रविवारी क्लबाच्या दोन टोकांना दोघं बसत असतील, एक जिंका म्हणून ओरडणारा आणि एक हरा म्हणून मनात म्हणणारा, आणि प्रत्येक हार त्याला बंदुकीच्या एक पाऊल जवळ नेत असेल आणि तिला भिंतीच्या एक पाऊल. त्याला वर लावता आलं नसतं का? नसतं, ब्लाझ आधीच तिथं बसलेला होता. पैजेला दोन बाजू लागतात. त्याच्यासाठी उरलेली बाजू हीच होती. पण मग सोमवारी फोन कशाला करायचा? मारणारा एक आणि मोजणारा एक, असं तिच्या मनात आलं, आणि ते वाक्य मग नोव्हेंबरभर तिच्या मागे मागे फिरलं, धुण्यापाशी, कोबीच्या पिंपापाशी, चर्चच्या बाकावर.

नोव्हेंबरात एक दात गेला. त्याबद्दल ती कधी कुणाशी बोलली नाही. आणखी तीन जिंकले, तीन रोल, सहा गिरक्या. नाचताना ब्लाझच्या शर्टाला साबणाचा वास येई आणि ती त्याच्या खांद्यावरून दारावर बघे. चौदा सामने झाले तेव्हा पाच जिंकलेले, नऊ हरलेले. ताताच्या काळात मोसम तिथंच संपला असता, साडेपाचाच्या खाली, तिचा आकडा चोख आणि बंदूक विंकोच्या गाडीत. पण दोन रविवार जास्तीचे होते. पंधरावा हरले. त्या दिवशी ब्लाझनं पट्टा वापरला आणि नंतर पायरीवर बसून रडला, “सहावा, एक सहावा फक्त,” म्हणत, आणि तिनं त्याला पाणी नेऊन दिलं. आता सगळं सोळाव्यावर आलं होतं. सोळावा जिंकले तर सहा, बंदूक दारावर राहील आणि हिरवी गाडी ब्लाझच्या अंगणात येईल. हरले तर बंदूक जाईल. आणि तो रविवार उगवला तेव्हा ब्लाझ बंदुकीवर नजर ठेवायला घरीच थांबला, आणि विंकोही क्लबात न जाता सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात आला, कोट घालून, हरल्याबरोबर बंदूक उचलून निघायच्या तयारीनं. मिल्का शेगडीपाशी उभी होती आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला संघ हरायला हवा होता. ती स्वतःसाठी मार मागत होती, रेडिओकडून, देवाकडून, त्या गुडघा दुखऱ्या पोराकडून. फेक रे चुकीचा. पड. मोड. तिचे ओठ हलत होते, आणि ब्लाझला वाटलं ती जिंकण्यासाठी प्रार्थना करते आहे. “बघ,” तो विंकोला म्हणाला, “बायको असावी तर अशी.”

आणि चेंडू खांबाला लागला.

“उठ, कूम,” विंको आता म्हणाला. “पाच जिंकले. साडेपाचाच्या खाली. बंदूक काढ.”

“बस खाली. बरोबरी म्हणजे अर्धा विजय. पेपरातला तक्ता बघ, सहा वर्षं झाली, बरोबरी अर्धी इकडे अर्धी तिकडे धरतात. पाच आणि अर्धा, साडेपाच. आकडा साडेपाच. फिट्टंफाट! तू तुझ्या गाडीत बस, माझी बंदूक माझ्या दारावर.”

“ताताच्या वेळी बरोबरी जमेतच नसायची.”

“ताता मेला. त्याचा हिशेबही मेला.”

“बरोबरीला कुणी जिंकणं म्हणतं का रे?”

“तुला ठाऊक आहे ना मैदानात काय म्हणतात? बरोबरी म्हणजे बहिणीचा मुका.” ब्लाझ हसला आणि त्यानं अंगठ्यानं शेगडीकडे दाखवलं. “घे की. इथंच उभी आहे. मुका घे आणि घरी जा.”

विंकोचं तोंड पांढरं पडलं, पण तो बसूनच राहिला. कूम होता ना. मिल्काला ते स्पष्ट दिसलं, की तो बसूनच राहणार, की हा वाद संध्याकाळभर चालेल, क्लबात जाईल, मातोपुढे जाईल, वसंतापर्यंत पुरेल, आणि तोवर बंदूक दारावर असेल, आणि पुढच्या ऑगस्टात पुन्हा खुर्ची मांडतील. मग दोघांनाही एकदमच सुचलं. “तिलाच विचार,” ब्लाझ म्हणाला. “आकडा तिचा.” “हो, सेको, तूच सांग. त्यातलं साडे कुणाचं?”

तिनं पातेलं खाली ठेवलं. इतक्या वर्षांत तिला कुणी आकड्याच्या पुढे काही विचारलं नव्हतं.

“साडे माझं,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“पाच तुमचे, खेळलेत ते. साडे कुणी खेळलेलं नाही. ते मी लावलं. माझं आहे.”

तिनं स्टूल ओढला आणि चढली. खुर्चीवर चढायची सवय होतीच. बंदूक वाटली होती त्यापेक्षा जड निघाली. ब्लाझ म्हणाला, “ए. खाली ठेव.” आवाज मऊ होता, दार ढकलायच्या आधीचा. तातानं तिला बाराव्या वर्षी दाखवलं होतं तसं तिनं बोल्ट वर उचलून मागे खेचला, आणि पितळेची एक गोळी उडाली, जमिनीवर पडली, आणि सगळ्यांच्या देखत टुणटुण करत टेबलाखाली गेली.

रेडिओवर साबणाची जाहिरात चालू होती.

“भरलेली?” विंको म्हणाला. “कूम, ती भरलेली होती?”

“हरणासाठी.”

“स्वयंपाकघरात हरणं येतात?”

ब्लाझ उठला. टेबल सरकलं, ताटली फुटली, त्याचा हात आला. तोच हात, आता त्याला सगळं उमगलेलं होतं. पहिला फटका कानावर बसला आणि तिची मान सैल नव्हती, ह्या खेपेला तिनं ती सैल सोडलीच नव्हती. खोली एका बाजूनं घंटेसारखी वाजायला लागली. ती स्टुलावरून पडली, भिंतीला लागून उभी राहिली, आणि दुसऱ्यांदा तो हात टेबलाच्या कडेचा आधार घेऊन उठत होता, तेव्हा तिनं बंदुकीचा लाकडी दस्ता दोन्ही हातांनी वर नेला आणि कोकराच्या सांध्यावर घालतात तसा मनगटावर घातला. कट्‌ असा आवाज झाला. मग पुन्हा घातला, आवाज पुरेसा वाटला नाही म्हणून. ब्लाझ गुडघ्यांवर आला. त्याच्या तोंडून मैदानातून येई तसाच लांब श्वास निघाला. विंको आता उठला होता, दोन्ही हात पुढे करून, “सेको, दे, दे ती माझ्याकडे,” आणि तिनं वळून दस्ता त्याच्या छातीला लावला.

“तूही बस. दहा सोमवार फोन केलास. दहा.”

तो बसला.

नेदाला कोट घातला, टोपी घातली, स्वतः तिनं नुसती शाल घेतली, आणि बंदूक काखेत मारून त्या मायलेकी उतारावरून नदीकडे गेल्या. शेजारणी पडद्यांमागून बघत होत्या. कानातून काहीतरी ऊन ऊन मानेवर उतरत होतं. कारखान्याच्या नळातून जिथं गरम पाणी नदीत पडायचं तिथं ती काठावर उभी राहिली. लहानपणी सगळी पोरं हिवाळ्यात इथं ऊब घ्यायला येत, कारण बाकी मुलूख गोठला तरी केस्लरची नदी कधी गोठत नसे. कारखाना तिला गोठू देत नसे. म्हणून तिनं खाली बघितलंच नाही. बंदूक नळीकडून धरली, अंगाभोवती फिरवली, आणि नदीत फेकून दिली.

पाणी वाजलं नाही. खण्‌ असा आवाज झाला आणि मग एक लांब घसरत गेलेला सूर. नदी गोठलेली होती. भट्ट्या निववताना गेला हिवाळाभर नळ वाहत होता, पण मार्चपासून त्यातून काही आलं नव्हतं, पंधरवडा कडाक्याची थंडी होती, आणि ह्या काठावर जन्मलेल्या मिल्काला ते सुचलं नव्हतं. ताताची बंदूक बर्फावरून घसरत नदीच्या मधोमध जाऊन थांबली, काळी, दोन्ही काठांवरून नीट दिसेल अशी. नेदानं मूठ वळून खिशात घातली होती. ती म्हणाली, “आता?” मिल्काला हसू आलं. दात दिसतील असं, एक नसलेला धरून.

बंदूक तिथं फेब्रुवारी संपेपर्यंत होती. मधलं बर्फ पातळ होतं, कुणाची छाती झाली नाही. पुलावरून जाणारी माणसं गाड्या हळू करत. क्लबात ब्लाझला विचारत, “काय ब्लाझ, आज कुठंवर सरकली?” शेवटी एका दुपारी हात प्लास्टरात असताना तो बंदुकीसाठी बर्फावर उतरला आणि कमरेपर्यंत आत गेला. विंको काठावर होता. तो त्या हिवाळ्यात रोजच काठावर असे. धुण्याची काठी पुढे करून, पोटावर सरपटत त्यानं कूमला ओढून काढलं, काठावर आणून उताणा टाकला, अंगावर आपला कोट घातला, आणि मग त्याचा जबडा मोडला. आधी वाचवला, मग मारला, असं मातो मरेपर्यंत सांगत असे, आणि स्वर्गात ह्यातलं कुठलं धरतील ह्यावर क्लबात पैज लागली होती. मिल्का तेव्हा तेता फ्रान्काच्या, म्हणजे ताताच्या बहिणीच्या, घरी राहत होती. तिला हे कळलं तेव्हा ती बटाटे सोलत होती, आणि तिनं ते सोलून पुरे केले. वाटायला हवं होतं ते काही वाटलं नाही.

ब्लाझ त्या वसंतात कामासाठी टेक्सासला गेला. उजव्या हाताची मूठ पुरी मिटत नसे. तिथं त्यानं दुसरं घर केलं की नाही ते कुणाला ठाऊक नाही, अकरा वर्षांनी बांधकामाच्या परांचीवरून पडून तो गेला. मिल्कानं चर्चमध्ये त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा सांगितली आणि स्वतः गेली नाही. विंकोनं पुन्हा कधी पैज लावली नाही. सोमवारी त्याचा फोनही कधी आला नाही, तो रविवारी सकाळी येई, सामन्याच्या आधी, आणि ते दोघं कोबीबद्दल, हवेबद्दल, हिरव्या गाडीच्या इंजिनाबद्दल बोलत. त्या एका संध्याकाळबद्दल बोलायचं त्यांनी पुढच्या वर्षावर ढकललं, दर वर्षी, तो छातीच्या दुखण्यानं जाईपर्यंत. नेदा क्लीव्हलँडला हाडांच्या दवाखान्यात मोडलेली मनगटं बसवते. तिच्या शिवणाच्या डब्यात बटणांमध्ये पितळेची एक गोळी आहे. मिल्काच्या हाताला ती एकदा सुई शोधताना लागली, तेव्हा तिनं बटणं पुन्हा वरून नीट पसरली आणि झाकण लावलं. बंदूक नदीच्या तळाशी असेल. क्लबाची इमारत पाडली. संघ अजून हरतोच.

मिल्काला आता एका कानानं ऐकू येत नाही. ऑगस्टात नातवंडं फोनवरून आकडा विचारतात आणि ती सांगते, पुरा आकडा, साडे कुणाला देत नाही. रविवारी निकाल सांगायच्या आधी तिचा डावा गाल अजून गरम होतो. हरले तरी, जिंकले तरी. क्वचित, वर्षानुवर्षांतून एखादा, सामना बरोबरीत सुटतो. तेव्हा ती गालाला हात लावून बघते, आणि गाल गार असतो.